दहा वाढीव भाग

भोपळ्याच्या पेजेचा डबा मांडीवर धरून हारिम वॉन्जूच्या बसमध्ये बसली. दर रविवारचा हाच क्रम होता. आठवडाभर इल्सान शहरातल्या एका खोलीत दार लावून मालिका लिहायची आणि रविवारी दुपारी आईला भेटायला शुश्रूषालयात जायचं. आठवडाभर तिच्याशी बोलणारं कुणी नसायचं. फोन फक्त दिग्दर्शक पे साहेबांचे, तेही पुढची पानं मागायला.

मालिका पन्नास भागांची ठरली होती, शनिवार-रविवार संध्याकाळी आठला. मिठागराकाठच्या एका घरात एक मेलेली बाई अडकलेली. दर आठवड्याला तिच्या दारी एखादा भटका जीव येई, ती त्याला वाट दाखवी. स्वतः मात्र तिला उंबरा ओलांडता येत नसे. तरी दर भागात ती पाऊलभर दाराकडे सरके. पन्नासाव्या भागात ती बाहेर पडणार होती. हारिमने भिंतीवर पन्नास कार्डं चिकटवून एकेक पाऊल मोजून ठेवलं होतं.

मग प्रेक्षक वाढले आणि वाहिनीने आणखी दहा भाग मागितले. हारिम पे साहेबांशी कडाडून भांडली. गोष्ट संपली की संपली, नुसती ताणणं ही लबाडी आहे, असं तिने तोंडावर सांगितलं. पण त्याच रविवारी आईची काळजी घेणारी नामसुन मावशी तिला दाराशी गाठून म्हणाली, "डॉक्टरांनी वसंतात एकच महिना उरलाय म्हणून सांगितलं होतं ना? आता शरद आला. शेवट बघूनच जाईन म्हणतात तुमच्या आई. त्याच्यावरच टिकल्यात."

परतीच्या बसमधून हारिमने पे साहेबांना होकार कळवला.

वाढीव भागांत काय घालायचं? बाईला दाराची किल्ली सापडली, हरवली, पुन्हा सापडली. पहिले दोन भाग दाखवून झाले, आणि पुढच्या रविवारी हारिम वॉर्डात शिरली तेव्हा मावशी नेलकटर हातात घेऊन गोंधळलेली उभी होती. चार कॉटवर चार म्हाताऱ्या, दर आठवड्याला ती सगळ्यांची नखं कापायची. या वेळी कापण्याजोगी नखं वाढलीच नव्हती. खिडकीतली शेवंती गेल्या रविवारी होती तितकीच उमललेली होती. पाकळ्या ना पसरलेल्या, ना गळलेल्या.

पलीकडच्या कॉटवरच्या कांग आजी जन्मभर सुकी मासळी विकलेल्या, जीभ अजून धारदार. "ये लेखिकाबाई," त्या म्हणाल्या. "या आठवड्यात काहीच घडलं नाही बघ. तुझ्या त्या बाईचंही नाही अन् आमचंही नाही."

हारिम हसली. पण तिसऱ्या वाढीव आठवड्यातही तेच झालं. वॉर्डात औषधांचा, शिळ्या पेजेचा वास होता, तोही ना कमी ना जास्त. मालिका सुरू झाल्यापासून इथे कुणी दगावलं नव्हतं, हे तिच्या तेव्हा प्रथमच ध्यानात आलं.

आईने पेज घेतली नाही. ती हळू आवाजात म्हणाली, "पूर्वी कळ यायची, जायची. आता आली की... तिथेच बसते. संपव गं."

"संपवलं तर तू..."

"तू धरून ठेवलंयस असं मी म्हणत नाही, हारिम. पण कुणीतरी धरलंय खरं."

त्या आठवड्यात हारिमने उरलेल्या भागांची कार्डं भिंतीवरून उपटली आणि अठ्ठावन्नावा भाग शेवटचा म्हणून लिहिला. लिहिताना ती रडली, पण हात थांबवला नाही. पे साहेब भांडतील असं तिला वाटलं होतं. ते फक्त म्हणाले, "लिही तुला हवं तसं." चित्रीकरण शनिवारी रात्री संपलं, दृश्यांचं संकलन रविवारी संध्याकाळपर्यंत चालूच होतं.

रविवारी आठ वाजता ती आईचा हात हातात घेऊन बसली होती. मावशीने चौघींचे केस विंचरले होते. कांग आजीसुद्धा टीव्हीकडे डोळे लावून होत्या.

पडद्यावर दार उघडलं. बांधावर सगळे सुटलेले जीव रांगेने उभे होते. बाई चालत उंबऱ्यापाशी आली. तिने उजवा पाय उचलला. आता तो पलीकडे टेकेल, मग रिकामं घर दिसेल, मग समुद्र... हारिमने चाळीस सेकंदांचं हे दृश्य शब्दाशब्दाने लिहिलं होतं. आईने तिचा हात दाबला आणि खोल श्वास आत घेतला.

चित्र तिथेच थिजलं. पाय अधांतरी. त्यावर अक्षरं उमटली: दुसरं पर्व, पुढच्या वसंतात. लगेच साबणाची जाहिरात लागली.

हारिम श्वास बाहेर पडायची वाट बघत राहिली.

तो पडला नाही. आईची छाती फुगलेली तशीच राहिली. डोळे उघडे, हात गरम. चार कॉटवर चौघी होत्या आणि एकीच्याही श्वासाचा आवाज नव्हता.

तिने पे साहेबांना फोन लावला. ते खुशीत होते. "अगं, मीच करणार होतो फोन. शेवटच्या तासाला वरून आदेश आला, कापला तेवढा तुकडा. तुझी बाई जिवंत ठेवली की आम्ही."

"ते चाळीस सेकंद दाखवा. आत्ता. कुठेही दाखवा."

"पुढच्या वर्षी, हारिम. झोप जरा."

डॉक्टर आले. त्यांनी आईची नाडी पाहिली. नाडी चालू होती. त्यांनी नाकाशी आरसा धरला, पुसला, पुन्हा धरला. मग कुणाकडेही न बघता ते बाहेर निघून गेले.

मावशी पांघरूण सारखं करायला वाकली आणि थबकली. आईचा उजवा पाय गादीपासून वीतभर वर होता. तिने तो हलकेच खाली दाबला, हात काढला. पाय पुन्हा वर आला.

मावशीने मान वळवून बाकीच्या तीन कॉटकडे पाहिलं. तिन्ही पांघरुणं पायाशी तेवढीच उचललेली होती. ती बाजूला सारून बघायला मावशी मात्र पुढे झाली नाही.