ठणका

पूर्वी दात किडला की आतली नस उपटत, पोकळीत रबर भरत आणि वर टोपी बसवत. याला म्हणे रूट कॅनाल! मेलेल्या दाताला नटवायचं, दुसरं काय? आता ते कोणी करत नाही. पडलेल्या दुधाच्या दातातल्या पेशी किडक्या दाढेत सोडतात आणि आत जिवंत गर पुन्हा वाढतो. त्याला नवगर म्हणतात. त्यातही नस वगळलेला, बिनदुखा नवगर निघाला तेव्हा आईबापांनी रांगा लावल्या. लावणारच की हो!

मिरजेच्या ऋतुजा आवटीनं आपल्या आठ वर्षांच्या लेकीच्या, मिहिकाच्या, दाढेत तोच घालून घेतला. वर्षभर पोरगी चिक्की फोडत हिंडली. मग तिचं तोंड नीट उघडेना.

डॉक्टर अर्शिया मुजावर यांनी पडद्यावर जबड्याचं चित्र दाखवलं. दाढेच्या मुळाखाली पांढरा डाग पसरला होता.

"गर वाढत वाढत दाताच्या भिंतीला टेकतो, तेव्हा नस ठणकते," त्या म्हणाल्या. "तो ठणकाच पेशींना सांगतो, बास, जागा संपली. आम्हाला हे उशिरा कळलं. मिहिकाच्या पेशींना कोणी थांबवलंच नाही. त्या मुळातून हाडात उतरल्या आणि हाडाचाच दात करत निघाल्यात."

"मग उपटा ना ती मेली दाढ!"

"दाढ काढून उपयोग नाही, ऋतुजाताई. पेशी पार पुढे गेल्यात. मी नस जोडू शकते. ठणका लागला की त्या थांबतील."

"आणि ठणका कधी थांबवायचा?"

"थांबवायचा नाही. गोळीसुद्धा द्यायची नाही. तो थांबला की पेशी पुन्हा निघतील. जबडा, मग कान, मग..."

"अहो, लेकरू आहे ते!" ऋतुजा ओरडली. शेवटी "जोडा" असं तीच म्हणाली.

त्यानंतर मिहिका गालाला हात लावून कण्हायची आणि ऋतुजा डोळे पुसत देवाचे आभार मानायची. तिला स्वतःचीच किळस यायची, तरी रोज सकाळी पहिला प्रश्न तोच. "दुखतंय ना गं, बाळा?"

परवा मिहिका हसत उठली. "नाही दुखत, आई. जरासुद्धा नाही."

आईला रडताना बघून पोर खोटं तर बोलत नसेल? खोटंच असू दे रे देवा! ऋतुजानं फ्रिजमधलं बर्फासारखं पाणी आणलं, मिहिकाला त्या दाढेवर धरायला लावलं आणि ती किंचाळायची वाट पाहत बसली.

मिहिकानं पाणी गिळलं आणि पेला पुढे केला.

"अजून दे ना."