डाव्या पायाचा फर्मा

दारात मी सवयीने चपला काढल्या. सासूबाईंनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, त्या माझ्या उघड्या पावलांकडे बघत राहिल्या. दोन विमानं बदलून आणि वर दिवसभर बसमध्ये अंग आंबवून आम्ही तिथे पोहोचलो होतो. चुरगळलेली साडी सारखी करण्यात मी गुंतले होते. पावलांची लाज वाटायची वेळ येईल असं मनातही नव्हतं.

धाकट्या दिरांनी हसून सांभाळून घेतलं. "वहिनी, या घरात अनवाणी फिरलात तर पायात चुका-खिळे घुसतील. झोपेपर्यंत बूट उतरत नाहीत आमचे." त्यांनी खालून एक तयार जोड आणून दिला. मला ते पटलं, तो जोड मी पायात चढवला. खाली बुटांचा कारखाना, वर राहायच्या खोल्या. खिळे, दोऱ्याचे तुकडे, चामड्याची कातरणं जिन्यावरून घरभर पसरायची. सरसाचा आणि नव्या कातड्याचा वास तर उशीलासुद्धा होता.

माझे यजमान याच घरात वाढले. वडिलांशी भांडून तरुणपणी बाहेर पडले, ते पुन्हा फिरकले नाहीत. वडील गेल्यावर आईचा निरोप आला, एकदा येऊन जा. आमच्या लेकीचे दिवस भरत आले होते. तिच्या बाळंतपणाआधी परतायचं या बोलीवर आम्ही निघालो. बाबा नसतील तर मी दवाखान्याची पायरी चढणार नाही, असं तिने यांना बजावून ठेवलं होतं.

मी फिजिओथेरपिस्ट. माणसं मला चेहऱ्याआधी चालीवरून कळतात. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. पण हातात काठी नाही, कंबरेत बाक नाही. चेहरा म्हातारीचा आणि जिना चढायची ढब शाळकरी मुलीची. मला कौतुक वाटलं. ते फार दिवस टिकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिरांनी कारखाना दाखवला. बूट ज्या लाकडी पावलावर बेततात त्याला फर्मा म्हणतात. गिऱ्हाइकांचे फर्मे भिंतभर लटकत होते. कुणाच्या अंगठ्याचं हाड वाढलं की त्याच्या फर्म्यावर तिथे चामड्याची चकती चिकटवायची, म्हणजे नवा बूट चावत नाही. काही जुन्या फर्म्यांवर इतकी ठिगळं होती की खालचं लाकूड दिसेना. घरच्यांचे फर्मे मात्र काचेच्या कपाटात होते. गुळगुळीत, एकही ठिगळ नसलेले. पाय वाढायचा थांबला की घरातल्या माणसाचा फर्मा कोरायचा, तो कायमचा. त्याला पुन्हा कुणी हात लावायचा नाही.

"आणि पाय बदलला तर?" मी विचारलं.

"घरच्या माणसाचा कशाला बदलेल?" दीर म्हणाले.

यांचेही फर्मे तिथे होते, आणि त्यांवर बेतलेले नवे कोरे बूट. सासूबाईंनी ते यांच्या पुढ्यात ठेवले. यांचा डावा पाय मला तोंडपाठ आहे. घर सोडल्यावर लवकरच एका ट्रकखाली टाच चिरडली. घोट्यात स्क्रू घालून सांधा जखडून टाकावा लागला. त्या पायावर यांना उभं करायला हॉस्पिटलने माझ्याकडे पाठवलं, तिथेच आमची ओळख. फी बुडवायला लग्न केलं, असं हे चारचौघांत सांगायचे. तो जाड, वाकडा पाय त्या निमुळत्या बुटात जाणं शक्य नव्हतं. मी तसं स्पष्ट बोलले.

"घालून तर बघू दे," सासूबाई म्हणाल्या. "बसतील हळूहळू."

आईचं मन मोडवेना, म्हणून यांनी दातओठ खात पाय कोंबला. झोपताना पाहिलं तर टाच सोलवटली होती. मी मलम लावलं, रागावले. सकाळी पायात पुन्हा तेच बूट.

मग जिन्यावरचा आवाज बदलला. यांचं एक पाऊल जड पडतं, दुसरं फरफटत येतं. तो आवाज ऐकून आमची लेक लहानपणी घाईघाईने अभ्यासाचं पुस्तक उघडायची. एका दुपारी कुणीतरी तरातरा वर आलं आणि मी दार उघडलं, तर हे. मी यांना खुर्चीत बसवलं, बूट काढायला लावला, पाय मांडीवर घेतला. सूज उतरली होती. टाचेवरचा टाक्यांचा माग जेमतेम दिसत होता. थंड हवा, विश्रांती, आईच्या हातचं जेवण, अशी मी स्वतःची समजूत घातली. घोटा वाकवून बघायचं धाडस मात्र झालं नाही.

दिरांची नात माझ्याकडे बुटाची नाडी बांधायला शिकायची. एक घर करायचं, त्याला एक फेरी मारायची, मग दारातून आत शिरायचं, असं तिला आता जमायला लागलं होतं. जीभ बाहेर काढून गाठ आवळता आवळता ती म्हणाली, "आजी, मोठे आजोबा लंगडीत मला हरवतात. डाव्या पायावर सुद्धा."

जखडलेल्या घोट्यावर लंगडी घालता येत नाही. कुणालाच येत नाही.

त्याच संध्याकाळी लेकीचा फोन आला. हे फोन कानाला लावून अदबीने ऐकत होते. बरं, तब्येतीला जपा हं, असं म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि हळूच विचारलं, "कोण होत्या?"

पलीकडून लेक विचारत होती, बाबा मला अहोजाहो का करतायत.

काहीतरी थापा मारून मी फोन ठेवला. यांना अपघाताची आठवण करून दिली, तर हे गोंधळून हसले. मी सासूबाईंकडे गेले. त्या भाजी निवडत होत्या. आम्हाला जाऊ द्या, पोरगी अडून बसली आहे, असं मी परोपरीने विनवलं. त्यांनी मान वर केली नाही.

"तो बाहेर पडला, तिथे चुकलं," त्या म्हणाल्या. "एवढीशी चूक, पण किती लांबत गेली बघ."

"त्या चुकीत माझी मुलगी आहे, सासूबाई."

त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुझा काय दोष, पोरी." हात उबदार होता. त्यात खुनशीपणा असता तर मला भांडता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी दीर जेवायला वर गेले तेव्हा मी काचेचं कपाट उघडलं. यांचा डावा फर्मा घेतला. गिऱ्हाइकांसाठी करतात तसंच करायचं होतं. रापीने चामडं सोलून चकत्या कापल्या. टाचेला जाड, घोट्याखाली उभी पट्टी, करंगळीपाशी आणखी एक. सरस लावून एकेक बसवत गेले. डोळे मिटूनही मला तो पाय घडवता आला असता.

शेवटची चकती दाबून धरली होती, तेव्हा जिन्यावर पाऊल वाजलं.

एक जड. एक फरफटत.

हे भिंतीचा आधार घेत दारात आले. चेहरा वेदनेने आक्रसलेला. "अगं, आपण अजून इथेच कसे?" ते म्हणाले. "पोरगी वाट बघत असेल."

"चला," मी म्हटलं. "सामान राहू दे."

मी यांचा हात धरला. लंगडत लंगडत आम्ही रस्त्याच्या दारापर्यंत आलो. कडी काढली.

मागे दीर जेवून खाली उतरले होते. ते रागावले नाहीत. फर्मा उचलला, उजेडात फिरवून पाहिला. बुटाला लागलेला चिखल काढावा तशी पहिली चकती नखाने सोडवली. सरस ओलाच होता. दुसरी निघाली. मग पट्टी.

माझ्या हातातला हात सैल पडला.

"काकू, बरं वाटत नाही का?" यांनी विचारलं. पांढऱ्या मिशीखाली विशीतल्या पोराचं आर्जव. "बसा ना. पाणी आणू?"

मी वर आले. बॅग भरायला घेतली. लेकीजवळ कुणीतरी असायला हवं होतं. हात सरसाने चिकटले होते म्हणून दिरांनी दिलेल्या बुटांसकट न्हाणीघरात जाऊन नळ सोडला. पाणी बर्फासारखं. थंडीत मला बेंबीखाली खाज सुटते. लेकीच्या वेळी पोट उघडावं लागलं होतं, तो व्रण. ओली बोटं आपसूक तिथे गेली.

आधी बोटांनी चाचपलं. मग दिवा लावून आरशात पाहिलं.

कातडी कोरी होती.