नदीच्या वळणावरची पट्टी

पाकीट नव्हतंच. दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये सपाट ठेवलेला, सुती फितीने बांधलेला कागद संस्थेच्या अध्यक्षांनी गुप्तहेरापुढे सरकवला. मजकूर पेन्सिलीचा, अक्षर छापील वळणाचं.

"नव्या संचालिकेचं नाव ज्या जुन्या नकाशामुळे झालं, तो तिने दुरुस्त केलेला नाही. नदीच्या वळणावर फाटलेल्या जागी डकवलेली कागदाची पट्टी दोनदा काढून पुन्हा लावली गेली, तेव्हा ती घरी तापाने फणफणली होती."

"उद्या अकराला त्या सूत्रं हाती घेणार," अध्यक्ष कपाळ चोळत म्हणाले. "जुना ठेवा जपणाऱ्या संस्थेची प्रमुखच खोटी निघाली तर तोंड कुठे लपवू? आरोप खरा असेल तर नेमणूक रद्द. पण हा निनावी शहाणा कोण?"

"उपसंचालक!" गुप्तहेराचा मेहुणा ताडकन म्हणाला. "त्यांची खुर्ची हुकली ना!"

"मेहुणे, दम धरा. लग्न ठरवताना तुमच्या बहिणीनेही इतकी घाई केली नव्हती."

उपसंचालकांचा सगळा जन्म कचेरीत गेलेला. त्यांनी कागद वाचला, चौघडी घालून परत दिला. अध्यक्ष कळवळले.

"मी लिहिलं असतं तर खाली सही ठोकली असती. कुणाच्या बापाला भितो काय! आणि दुरुस्तीची नोंदवही मी चाळली आहे. पट्टी काढल्याचा त्यात शब्द नाही."

कार्यशाळेत संचालिकेची थोरली बहीण एका पानाला खळ लावत होती. पदवी नाही, पण तिच्या हातचं काम सगळे वाखाणत. सगळे तिला ताईच म्हणत.

"नकाशा धाकटीनेच केला. तेव्हा इथे आम्ही दोघीच होतो, मला नाही तर कुणाला माहीत असणार?"

गुप्तहेराने कागद दिला. घड्या बघून ती चुकचुकली, तळहाताने त्या सपाट करत वाचू लागली.

"दोनदा? छे, तीनदा! पहिल्यांदा खळच पातळ..." तिने ओठ मिटले. डोळे भरून आले. "मरमर मरून पोर इथवर पोचली हो. तिचं वाटोळं करू नका."

गुप्तहेराने मग तोच कागद संचालिकेपुढे धरला. "मला यावर काही बोलता येणार नाही," एवढंच ती म्हणाली.

चार वाजता सगळे अध्यक्षांच्या खोलीत जमले.

"ताईंनीच लिहिलं, भाऊजी," मेहुणा कुजबुजला. "दुसरं कोण?"

"त्यांनी लिहिलं असतं तर दोनदाच्या जागी 'तीनदा' असं लिहिलं असतं," गुप्तहेर मोठ्याने म्हणाला. "शाई नाही, घडी नाही, पुठ्ठे आणि फीत. ही जुने कागद हाताळणाऱ्याची सवय. उपसंचालकांनी तर लगेच चौघडी घातली. नोंदवहीत नसलेली पट्टी ठाऊक असणाऱ्या दोघीच. चुकलेला आकडा ताईंना सहन झाला नाही, कारण काम त्यांच्या हातचं. म्हणजे नकाशा त्यांनी केला आणि चिठ्ठी त्यांची नाही. उरली ती, जिने हे तापात पडून नुसतं ऐकलं होतं."

सगळ्यांच्या नजरा संचालिकेकडे वळल्या.

"माझी नोकरी जाईल म्हणून ताईने काम पुरं केलं," ती म्हणाली. "आणि मला स्वतःची शपथ घातली, तोंडातून शब्द काढायचा नाही. वीस वर्षं लोक माझी पाठ थोपटतात आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. परवा माझी परिचयपत्रिका छापून आली. पहिल्याच ओळीत नकाशा. मग मला राहवलं नाही."

"शपथ मोडलीस," ताई म्हणाली.

"बोलले नाही, ताई. लिहिलं."

अध्यक्षांनी कुणाकडेच पाहिलं नाही. "उद्याचा कार्यक्रम होणार नाही."

संचालिकेने मान हलवली. ती रडत होती, पण कितीतरी वर्षांनी तिला मोकळा श्वास घेता आला.

मेहुण्याने टेबलावरची दुरुस्तीची नोंदवही ताईपुढे केली. तिने पेन्सिल घेतली, धाकटीच्या नावावर रेघ मारली आणि वर स्वतःचं नाव लिहिलं. मग खाली लिहिलं, 'पट्टी तीनदा काढून पुन्हा लावली.'

पेन्सिल ठेवता ठेवता ती थांबली. डोळे पुसून तिने आणखी एक ओळ लिहिली.

'पहिली खळ पातळ होती. ताप चढण्याआधी ती धाकटीने शिजवली होती.'