मी न लिहिलेला पर्याय

अंधांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी दुपारी काम करतो. काम करतो म्हणणंही जरा जास्तच होतं. निवृत्तीनंतर घरात बायकोच्या पायात पायात येऊ नये म्हणून जातो, आणि संचालिकाबाई मला येऊ नका म्हणत नाहीत, एवढंच. आयुष्यभर मुद्रितं तपासली. नंतर पुस्तकं वाचून वाचून शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला ओळीने हुकूम देणारी फाइल, लिहायला शिकलो. ती चांगली लिहिता येते की नाही, याची मला आजही खात्री नाही.

संस्थेची जागा तीन खोल्यांची. एका खोलीत भिंतींना राखाडी फोम लावलेला, मध्ये काच, काचेपलीकडे खुर्ची आणि माइक. वाचक तिथे बसून तुकड्यातुकड्यांनी वाचतात. ते तुकडे सांधून सलग पुस्तक करणारी स्क्रिप्ट माझी. तिचं नाव टाइप करायचं, पुढे आडवी रेघ आणि एक अक्षर. त्या अक्षराला पर्याय म्हणतात. 'व्ही' दिलं की काय चाललंय ते ती सांगत राहते. 'जे' दिलं की पुढचा शब्द वाचकाचं नाव समजून त्याचे सगळे तुकडे जोडते. कोणती अक्षरं चालतील ते स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच लिहावं लागतं, आणि ज्या अक्षरापुढे दोन टिंबं द्यावीत, ते आपल्या पुढचा शब्द उचलून घेतं. बाकी कुठलंही अक्षर आलं तर 'असा पर्याय नाही' असं सांगून थांबायचं. ही ओळ मी सर्वांत आधी लिहिली होती. भित्रा माणूस घरात शिरला की आधी कडी लावतो, तसं.

आमच्याकडची सर्वांत लाडकी वाचक म्हणजे माझी बायको. संगणकात तिचं नाव 'मैना'. माझं नाव 'मौनी'. दोन्ही नावं बाईंनी दिलेली.

"काका, तुमच्या दोघांचे शब्द एकत्र करून निम्मे निम्मे वाटले ना, तरी काकूंना पुरायचे नाहीत," बाई म्हणायच्या.

"अगं, यांच्या वाटणीचंही मीच बोलते," बायको काचेपलीकडून म्हणायची. "लग्नात 'हो' म्हणाले होते, तेवढंच. तेही भटजींना दोनदा विचारावं लागलं."

त्या दुपारी ती एका जाड कादंबरीचं प्रकरण वाचून घरी गेली. बाईंनी तिचे तुकडे जोडायला घेतले. बाई भराभर टाइप करतात. 'जे'च्या शेजारी 'के' असतो. बोट घसरलं, आणि 'के'पुढे 'मैना' गेलं.

"काका, मी 'के' दाबला वाटतं."

"हरकत नाही. नको म्हणेल ती."

स्क्रिप्ट नको म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. काम नीट झालं की ती गप्प राहते, तशी गप्प राहिली.

बाईंनी हेडफोन लावला आणि थोड्या वेळाने काढून माझ्यापुढे धरला. मी ऐकलं. खुर्ची करकरली. पान उलटलं. बायकोचा श्वास, ती वाक्यापूर्वी घेते तसा, आणि तो सोडल्याचा आवाज. परत पान. शब्द एकही नव्हता.

जुन्या पुस्तकांतही तेच. कपाटात वेगळ्या ठेवलेल्या डिस्कवरही तेच. संगणकाला न जोडलेल्या डिस्कवर हे कसं होईल, ते मला कळेना. माझंच काहीतरी चुकलं असणार, असं मी बाईंना म्हणालो. त्यांनी 'तसं नाही हो' म्हटलं नाही.

घरी गेलो तर बायको ओट्यापाशी उभी होती. माझ्याकडे पाहून तिने तोंड उघडलं, आणि मग गळ्यावर हात ठेवला.

डॉक्टरांनी घसा पाहिला, नळी घालून पाहिला. सूज नाही, गाठ नाही. म्हणाले, धक्का बसलाय का काही? विश्रांती द्या. बायको खोकत होती, शीळसुद्धा घालत होती. शब्द तेवढा उमटत नव्हता. घरात भांड्यांचा आवाज मोठा वाटू लागला. ती रेडिओ लावायची आणि लगेच बंद करायची. जेवताना मी काहीबाही बोलून पाहिलं. मला ते जमत नाही. ती माझ्याकडे अशा आशेने बघायची की माझं वाक्य अर्ध्यातच तुटायचं.

मी स्क्रिप्ट ओळ न् ओळ तपासली. जुनी सवय, बोट ठेवून. 'के' कुठेही नव्हता. कोणी फाइलला हात लावल्याची खूण नव्हती. मग ती पुसून टाकली, वेगळ्या यंत्रावर कोरी लिहिली आणि नुसता 'के' दिला. पुढे शब्द दिलाच नाही.

'असा पर्याय नाही' यायला हवं होतं.

पडद्यावर आलं : 'बदली कोण?'

ही ओळ मी लिहिली नव्हती. की लिहिली होती? माझा स्वतःवर फारसा विश्वास नाही. मी पुन्हा शोधलं. नव्हती. खिडकीबाहेर कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. शेजारच्या खोलीत बाई फोनवर हसत होत्या. सगळं जागच्या जागी होतं, आणि तो प्रश्न माझी वाट पाहत होता.

माझ्या आवाजाचा तसा कोणाला काय उपयोग होता?

मी टाइप केलं : 'मौनी'.

ती गप्प राहिली.

जिना उतरत असतानाच खिशातला फोन वाजला. "अहो!" बायको रडत होती, हसत होती. "अहो, आला! भाजीवाल्याला ओरडले मी, अगदी कडाडून! बिचारा घाबरला. तुम्ही या लवकर, मला बोलायचंय."

मी 'येतो' म्हणालो. म्हणजे ओठ हलले.

त्या दिवसापासून ती साचलेलं सगळं बोलत सुटली आहे. शेजारीण, डॉक्टर, कादंबरीतली नायिका. "ऐकताय ना? मान तरी हलवा," म्हणते. मी मान हलवतो. माझं काय गेलं, हे तिच्या ध्यानात आलेलं नाही. बाईंच्याही नाही. कोणालाच तसं काही वेगळं वाटलं नाही. याचं आधी वाईट वाटलं, मग हलकंही वाटलं. सौदा स्वस्तात पडला, असं मी मनाला समजावत होतो. पण बसलो की उठावंसं वाटायचं, उठलो की बसावंसं.

आज दुपारी बाई म्हणाल्या, "काका, नवा वाचक कुठून आणलात? तुकडे येऊन पडतायत. काय गोड वाचतो! काकूंची राहिलेली कादंबरीच घेतलीय त्याने पुढे."

काचेपलीकडची खुर्ची रिकामी होती. मी हेडफोन लावला.

पुरुषाचा आवाज. स्वच्छ, ठाम, कुठेही न अडखळणारा. असा मी कधीच बोललो नव्हतो. तरी तो माझाच होता.

"आणि स्क्रिप्टमध्ये ते नवीन छान घातलंत," बाई सांगत होत्या. "आज तिने स्वतःहून विचारलं, 'सोबत कोण?' म्हटलं बरोबर आहे, नायिकेचे संवाद बाईनेच वाचायला हवेत. मी लिहून टाकलं, 'मैना'."

मी वळून त्यांच्याकडे पाहिलं. त्या कौतुकाची वाट पाहत होत्या.

कानात माझा आवाज वाक्य संपवून थांबला.

श्वास घेतल्याचा आवाज आला. वाक्यापूर्वी ती घेते तसा.

आणि नायिका बोलू लागली.

मी हेडफोन काढून टाकला. टेबलावरच्या फोनवर घरचा नंबर फिरवला.

पहिल्याच घंटीला फोन उचलला गेला. ती नेहमी 'हॅलो' म्हणायच्या आधीच बोलायला लागते.

पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. मीही घेत होतो.