बदललेली मूठ

"चोरानं जुनी मूठ नेली आणि कोरी बसवून गेला," घड्याळजी म्हणाले. "असला दानशूर चोर पाहिलाय कुणी?"

वहिनींनी पिस्तूल हातात घेतलं. वीस वर्षं प्रयोगशाळेत काढल्यावर त्या आता लोकांची कोडी सोडवत. सोबतीला धाकटे दीर, निवृत्त पोस्टमास्तर. त्यांचं काम मुख्यतः चुकीचे तर्क करण्याचं.

पिस्तूल नेमबाजीचं, हवेच्या दाबावर छर्रे मारणारं. क्लबातले एक जुने नेमबाज, सगळ्यांचे 'सर', वारले. त्यांच्या पत्नीकडून घड्याळजींनी दोन महिन्यांपूर्वी ते हौसेनं विकत घेतलं होतं.

"क्लबातल्या कपाटाची किल्ली पिस्तुलं दुरुस्त करणाऱ्या उस्तादकडे असते. संध्याकाळपर्यंत चोर सापडला नाही तर समितीकडे तक्रार देणार. त्याची नोकरी जाईल, पण माझा नाइलाज आहे."

"एका मुठीसाठी एवढं?" पोस्टमास्तरांना राहवलं नाही.

"आठवडाभर खपून हाताला बसवून घेतली होती हो! तेव्हा कुठे छर्रा काळ्या वर्तुळात जायला लागला."

मुठीच्या स्क्रूवर आडवेतिडवे ओरखडे होते. लाकूड कोरं, पण रोगण पिवळं पडलेलं. वहिनींनी मूठ हुंगली आणि दिरांच्या नाकापुढे धरली.

"डांबरगोळ्या!" पोस्टमास्तर म्हणाले. "आमच्या स्वेटरांना येतो हा वास."

उस्ताद क्लबातल्या आपल्या बाकाशी उभा होता. मागच्या भिंतीवर स्क्रूड्रायव्हर उंचीनुसार टांगलेले.

"मूठ बदलली त्या बुधवारी तिघंच आत होतो, बाई. मी, वकीलसाहेब आणि सरांच्या बाई. त्या उरलेले छऱ्यांचे डबे द्यायला आल्या होत्या. मी त्यांना पाणी आणायला गेलो, तेवढंच कपाट उघडं राहिलं."

"सरांची मूठ कशी होती?"

"कारखान्याची मूठ कुणालाच नीट बसत नाही. सरांनी ती पहिल्याच वर्षी काढली आणि दुसरी घडवली. दहा वर्षं घासत होते, जास्त घासलं तिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरत होते. बोटांचे खळगे बघून माणूस ओळखावा."

वकिलांनी प्रश्न पुरा होऊच दिला नाही. डावा हात वर केला.

"मी डावखुरा. उजव्याची मूठ माझ्या काय कामाची? घड्याळजी दोन महिन्यांत माझ्यापुढे गेला म्हणून पोटात दुखलं, ते मात्र खरं."

"हाच तो!" बाहेर येताच पोस्टमास्तर कुजबुजले. "नेम बिघडवायला केलं त्यानं."

"नेम बिघडवायला नळीवरची माशी, नेम धरायची ती खूण, जराशी सरकवली तरी पुरतं. आणि त्याच्या पेटीतही स्क्रूड्रायव्हर आहेच. भावजी, तुम्ही पत्रं तरी बरोबर पत्त्यावर टाकायचात ना?"

संध्याकाळी घड्याळजी आणि उस्तादला घेऊन चौघं सरांच्या घरी गेले. सरांच्या पत्नी शिवणयंत्रापाशी बसल्या होत्या. उस्तादला पाहताच त्यांचा पाय थांबला.

वहिनी हलक्या आवाजात बोलल्या. "ज्यानं कोरं देऊन जुनं नेलं, त्याला जुन्याचं मोल जास्त. ओरखडे सुरीचे आहेत. क्लबातल्या कुणी सुरी वापरली नसती. बसवलेली मूठ कोरी, पण पिवळी आणि डांबरगोळ्यांच्या वासाची. म्हणजे सरांनी काढून ठेवलेली कारखान्याची मूठ. ती एकाच घरातल्या कपाटात असू शकते."

"पण यांना लाकडाचा तुकडा हवा कशाला?" पोस्टमास्तरांनी विचारलं.

"लाकडाचा नव्हे, भावजी. हाताचा."

सरांच्या पत्नींनी यंत्राच्या खणातून मूठ काढली आणि मांडीवर ठेवली.

"माझा एकूण एक रविवार या पिस्तुलानं खाल्ला. हे गेले आणि रागानं विकून टाकलं. मग कपाटात ती कोरी सापडली, तेव्हा लक्षात आलं की यांचा हात दुसरीत राहिलाय. परत मागायला तोंड नव्हतं." त्यांनी उस्तादकडे पाहिलं. "तुझ्यावर येईल हे सुचलं नाही रे." मग बोटं मुठीभोवती वळवली. "पण धरून पाहिली तर ओळखच पटेना. एकतीस वर्षं धरलेला हात. वाटलं, एवढ्यात विसरले मी."

या वेळी पोस्टमास्तरांनाही कारण सांगावं लागलं नाही. त्यांनी घड्याळजींकडे पाहायचं टाळलं.

घड्याळजींनी तक्रारीचा कागद खिशातच चुरगळला. "तुम्ही नाही विसरलात, बाई. मी कानस मारली तिला. माझ्या हातासाठी."

उस्तादची नोकरी तर वाचली, असं काहीतरी पोस्टमास्तर म्हणणार होते. वहिनींनी त्यांच्या दंडाला हात लावला.

बाईंचा अंगठा लाकडावर सावकाश फिरत होता. "म्हणजे मी विसरले नव्हते," त्या म्हणाल्या. मग एकदम मान वर केली. "जे घासलंत त्याचा भुसा तरी असेल ना तुमच्याकडे?"

"फुंकून टाकत होतो," घड्याळजी म्हणाले. "रोज."