उलट बसलेली कडी

मंगळावरच्या शारदा तळावर केतकीने अणुभट्टीकडून येणाऱ्या वीजवाहिनीला हात लावला आणि तिला चटकाच बसला. वीस किलोवॉट वाहताना तार इतकी तापेल? छे! मीटर मात्र वीसच्या वर सरकायला तयार नव्हता.

धुळीच्या वादळाने सौरपट्ट्या निकामी करून दोन आठवडे झाले होते. भरवसा उरला तो अणुभट्टीचा. भट्टी देते वीस, तळ खातो तीस, वरचे दहा साठाकोठीतून येतात. साठा सहा आठवडे पुरेल आणि वादळ त्याआधी ओसरेल, हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ होता. कोठीत किती उरलंय ते भट्टीचा आणि खर्चाचा अशा दोन मीटरांच्या वजाबाकीवरूनच कळायचं. खर्च कमी व्हावा म्हणून केतकीचा नवरा अनंत आपणहून शीतनिद्रेत गेला होता. औषध एकाच माणसापुरतं होतं. "माझ्या घोरण्यातून तरी सुटाल," असं म्हणून मेला हसला होता!

केतकीने मीटरचं झाकण उघडलं आणि तळप्रमुख मुकादमांना हाक मारली.

"काका, बघा. तीन तारा, प्रत्येकीवर प्रवाह मोजणारी एक कडी. तिन्हींची बेरीज म्हणजे एकूण वीज. पण ही मधली उलटी बसलीय. तिचा आकडा वजा होतोय."

"म्हणजे एक अधिक एक, वजा एक..."

"तिनाऐवजी एकच! भट्टी वीस नाही, साठ देतेय काका!"

मुकादम हसायलाच लागले. साठ! आणि खर्च तीस! अनंतला कधी एकदा उठवतेय असं केतकीला झालं. एकदा उठलेल्या माणसाचं शरीर शीतनिद्रा पुन्हा सोसत नाही. पण आता ती हवीय कुणाला? तिने त्याच्या शीतनिद्रेच्या पेटीची कळ दाबली.

पेटी ऊब धरू लागली. मुकादम खुशीत बोलत होते. "गंमत सांगतो. तळ उभारताना नुसती भट्टी होती, ना पट्ट्या ना कोठी. तरी खर्चाचा मीटर भट्टीच्या तिप्पट दाखवायचा. देते त्याहून जास्त तळ खाईल कसा? मग आम्ही खर्चाच्या मीटरची एक कडी फिरवली, आणि बसले की दोन्ही जुळून!"

केतकी गर्रकन वळली.

"काका, खरा मीटर तोच होता हो. तुम्ही खऱ्याला खोट्याशी जुळवलंत."

खर्च तीस नव्हता, नव्वद होता. तूट दहाची नव्हती, तिसाची होती. सहा आठवड्यांचा साठा दोन आठवड्यांत संपणार, आणि दोन आठवडे आज झाले होते. बंद करण्यासारखं सगळं आधीच बंद केलेलं. उरली होती जाग्या पाच माणसांची हवा आणि ऊब. भट्टीच्या साठ किलोवॉटमध्ये त्यातली तिघंच तगली असती. झोपलेल्या अनंतला जवळजवळ काहीच लागत नव्हतं. तो तरी नक्की वाचला असता.

"बंद कर ती पेटी!" मुकादम ओरडले. पण झाकण उघडलं होतं.

दिवे पिवळे पडले. भिंतीवरचा आकडा अजून सांगत होता, साठा शिल्लक चार आठवडे.

अनंतने डोळे किलकिले केले. "वादळ संपलं का गं?"

केतकीने त्याचा गार हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"हो," ती म्हणाली. "संपलं."