हवेचा पिवळा दिवा

मोबाईल खिशात ठेवा. उजेड नको. ही गोष्ट वरच्या गल्लीतल्या अण्णारावची. त्यानं एकदाच सांगितली, पुन्हा विचारू दिली नाही. हिच्यात पदरचं काही घातलेलं नाही.

गेल्या साली दत्त जयंतीच्या आदल्या संध्याकाळी अण्णाराव गाडी घेऊन लातूरला निघाला. काम साधं होतं. क्लासेसच्या भागात एका मुलींच्या होस्टेलवर त्याच्या उज्वलाची पेटी पडून होती, ती आणायची. पोरगी जाऊन वर्ष झालं होतं. वर्षभर त्याचा पाय तिकडं वळला नव्हता. शेवटी होस्टेलवाल्या बाईंनीच फोन केला, नव्या मुलींना जागा लागते म्हणाल्या.

त्र्याण्णवच्या भूकंपात आई आणि धाकटी बहीण गेली, तेव्हा अण्णाराव बारा वर्षांचा होता. त्याआधी वर्षभर जमीन अधूनमधून गुरगुरायची. लोक काही दिवस बाहेर झोपले, मग कंटाळून पुन्हा मातीच्या जड माळवदाखाली गेले. तेव्हापासून त्यानं एकच धरून ठेवलं : इशारा मिळाला की थांबायचं. गाडी घेतली तेव्हा सोयरे हसले. म्हणाले, हा मांजर आडवं गेलं तरी इंजिन बंद करून बसेल.

उज्वला गेली त्याच्या आदल्या रात्री हेच आडवं आलं. तिचा फोन आला होता, "बाबा, अंग लई फणफणून राहिलंय. मला घरी न्या." तो लगेच निघाला. लामजना पाटीजवळ स्टिअरिंगपुढं पिवळा दिवा लागला. टायरात हवा कमी आहे असं सांगणारा. उतरून पाहिलं, तर चाकं बरी दिसत होती. पण इशारा तो इशारा. तो माघारी फिरला. पोरीला फोनवर म्हणाला, सकाळी येतो. ती बरं म्हणाली.

सकाळी ती दवाखान्यात होती. तो पोचेपर्यंत नव्हती.

नंतर चाकं तपासली. पंक्चर नव्हतं. थंडीत टायरातली हवा आकसते, काटा जरा खाली येतो, दिवा लागतो. हळू चालवत औसा गाठायचं, हवा भरायची, पुढं निघायचं. एवढंच होतं ते.

असो. पेटी डिकीत टाकून तो रात्री दहाच्या सुमारास लातूरहून निघाला. थंडी मी म्हणत होती. औशाच्या अलीकडं दिवा लागला. तोच. पिवळा.

 पण या वेळी तो माघारी फिरला नाही. औशात रस्त्याकडंला अजीजचं हवेचं दुकान उघडं होतं. अजीज जळकोटकडचा, नुकताच आलेला. अण्णारावला ओळखत नव्हता. गाडीच्या दाराच्या कडेला चिकटवलेले हवेचे आकडे बघून त्यानं हवा भरली, दिवा घालवला. मग खिडकीशी आला आणि आवाज खाली करून बोलला.

"मागच्या चाकांत जरा जास्त भरलीय, भाऊ. मागं माणूस हाय म्हणून."

"मागं?"

"लेकरू झोपलंय न्हवं. म्हणून ठोकाठोक केली न्हाई. काच वर घ्या, गारठून राहिलंय ते."

अण्णारावनं मागं पाहिलं नाही.

पैसे दिले. गाडी काढली. आरसा वर फिरवला. पाहिलं आणि नसली तर...

दिवा विझलेलाच होता. रस्ता मोकळा. दोन्ही अंगाला ज्वारी.

लामजना पाटी आली. गेली.

"उज्वला..."

काही नाही.

"म्या निघालो व्हतो ग माय. निम्म्या वाटेला आलो व्हतो."

काही नाही.

"आता कुठं थांबत न्हाई."

मागं, डाव्या अंगाला, कुणीतरी कूस बदलली. सीट करकरली... तेवढंच.

त्याची बायको सिंधु दारात वाट बघत बसली होती. अण्णाराव खाली उतरला नाही. स्टिअरिंग धरून, समोर बघत म्हणाला, "मागचं दार तू उघड."

तिनं उघडलं. वाकून आत पाहिलं. मग घरात गेली, वाकळ आणली, सीटवर घातली. कडा खोचल्या. दार आवाज न करता लावलं.

काय दिसलं, ते तिनं नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्यानं विचारलं नाही.

सकाळी पेटी उतरवली. गाडीत कुणी नव्हतं. वाकळ तेवढी सीटवर, सपाट.

अण्णाराव आता दर सोमवारी, गाडी हलवायच्या आत, गार चाकांची हवा मोजतो. मागच्या दोन्ही चाकांत काटा सारखाच येतो. उद्या उजेडी वरच्या गल्लीतून जा. गाडी दारातच उभी असते, रिकामी. मागची दोन चाकं बघा.

उजवं ताठ आहे.

डावं... दबलेलं.